साथ सगळ्या शहरांना सारखी का झोडपत नाही? कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर, इचलकरंजी, कागल, गडहिंग्लज, जयसिंगपूर इथून शिक्षक, आशा सेविका, दुकानदार आणि कॉलेजची मुलं जे प्रश्न पुन:पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. एकाच अर्थाचे प्रश्न एकाखाली घेतले. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. विषाणू तर एकच. मग एका शहरात हाहाकार आणि दुसऱ्यात जेमतेम झळ, असं कसं होतं?

आधी दोन गोष्टी वेगळ्या करूया. साथ किती जणांपर्यंत पोचते ही एक, आणि पोचल्यावर त्यातले किती दगावतात ही दुसरी. या दोन्हींची सरमिसळ झाली की वाद संपत नाहीत.

पसरणं अवलंबून असतं ते लोक बंद जागेत एकमेकांच्या किती जवळ, किती वेळ असतात यावर. शिवाय शहराचा बाहेरच्या जगाशी राबता किती, आधीच्या संसर्गामुळे किंवा लसीमुळे किती जणांत प्रतिकारशक्ती आहे, आणि लोक सावध झाले ते नेमके कधी, हेही त्यात येतं. दगावणं ठरतं वयावर, साखर आणि रक्तदाबासारख्या दुखण्यांवर, आणि दम लागल्यापासून ऑक्सिजन मिळेपर्यंत किती तास जातात यावर. एखादं शहर पहिल्या बाबतीत सुदैवी आणि दुसऱ्या बाबतीत दुर्दैवी असू शकतं. उलटंही होतं.

तिसरी एक गोष्ट कागदावरची आहे: मोजणी किती प्रामाणिक आणि किती नेटकी. ती प्रश्न १६ मध्ये आहे.

२. मोठं, दाट शहर म्हणजे जास्त मरण, हे तर उघडच आहे ना?

नाही, आणि हा समज फार खोलवर बसलेला आहे. नकाशावरची दाटी आणि खोलीतली दाटी या वेगळ्या गोष्टी आहेत. एका चौरस किलोमीटरमध्ये किती लोक राहतात त्यापेक्षा एका खोलीत किती जण झोपतात, हे साथीच्या दृष्टीनं जास्त महत्त्वाचं.

न्यूयॉर्कचं उदाहरण घ्या. तिथला सर्वांत दाट भाग मॅनहॅटन. पण २०२० च्या वसंतात कोरोनानं लोकसंख्येच्या मानानं मृत्यू जास्त झाले ते ब्रॉन्क्स आणि क्वीन्समध्ये. मॅनहॅटनच्या उंच इमारतींत एकेकटे किंवा दोघेच राहणारे पुष्कळ, आणि त्यातल्या अनेकांना घरातून काम करता आलं. ब्रॉन्क्स-क्वीन्समध्ये दोन-तीन पिढ्या एका छोट्या घरात, आणि घरातलं कुणीतरी रोज दवाखान्यात, किराणा दुकानात किंवा बसवर कामाला जाणारं.

मुंबईत जुलै २०२० मध्ये दहिसर, चेंबूर आणि माटुंगा भागांतल्या तीन वॉर्डांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाची प्रतिपिंडं (संसर्ग होऊन गेल्याची खूण) सापडली, त्याच वॉर्डांतल्या इमारतींत सुमारे १६ टक्के. वॉर्ड तेच, महापालिका तीच, हवा तीच. फरक खोल्यांचा आणि सामायिक संडासांचा.

इथेच एक अपवाद सांगायला हवा. धारावी जेमतेम अडीच चौरस किलोमीटर, वस्ती आठ-दहा लाखांची. १ एप्रिल २०२० ला तिथे पहिला रुग्ण सापडला तेव्हा अनेकांनी आशा सोडली होती. जुलैपर्यंत नव्या रुग्णांचा रोजचा आकडा अगदी खाली आला. घरोघरी तपासणी, तापाची शिबिरं, शाळा आणि सभागृहांत विलगीकरण, सामायिक संडासांची दिवसातून अनेकदा सफाई, हे सगळं तिथे झालं. बऱ्याच लोकांना कळत-नकळत संसर्ग होऊन गेला होता हेही खरं, आणि वस्ती तरुण असल्यानं मृत्यू मर्यादित राहिले हेही खरं. यातलं एकच कारण उचलून बाकीची सोडून दिली की धारावीचा धडा चुकीचा शिकला जातो.

३. एकाच शहरात एका वस्तीला जास्त आणि दुसरीला कमी झळ, हे फक्त कोरोनातच झालं का?

मुळीच नाही. १९१८ च्या फ्लूत मुंबईत युरोपियन लोकांमध्ये हजारी आठच्या आसपास मृत्यू नोंदले गेले. ज्यांना तेव्हाच्या सरकारी कागदांत 'खालच्या जातीचे' म्हटलं जाई त्यांच्यात हाच आकडा हजारी साठच्या वर होता. पारशी युरोपियनांच्या जवळपास, सवर्ण हिंदू आणि मुसलमान मधे कुठेतरी. विषाणूला जात कळत नाही. पण कोण चाळीतल्या अंधाऱ्या खोलीत राहणार, कोण तापातही कामावर जाणार आणि कुणाच्या पोटात त्या दुष्काळी वर्षात पुरेसं अन्न जाणार, हे जातीनं ठरवून टाकलेलं होतं.

म्हणून 'शहराचा आकडा' ऐकला की मी नेहमी विचारतो, शहरातला कुठला भाग?

४. कोरोनात आमच्याकडे इचलकरंजीत माग बंद ठेवायला लावले होते. कारखान्यात एवढा काय धोका? सगळे तर आपापल्या मागावर असतात.

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि विचारणाऱ्याचा रोजगार बुडालेला असतो, म्हणून उत्तर नीट द्यायला हवं.

मागाच्या शेडमध्ये उभं राहून पाहा. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून खिडक्या बंद ठेवण्याकडे कल. आत दमटपणा, उकाडा, कापसाचा कोंडा. खडखडाट इतका की दोन हातांवरच्या माणसाला हाक ऐकू येत नाही. मग मागांची देखरेख करणारा जॉबर काय करतो? मागवाल्याच्या कानाशी तोंड नेतो आणि ओरडतो. ओरडून बोलताना हळू बोलण्याच्या कित्येक पट जास्त थेंब तोंडातून उडतात. बंद हवा, जवळ आलेली तोंडं, मोठा आवाज आणि बारा तासांची पाळी, विषाणूला लागतं ते सगळं एका शेडमध्ये जमलेलं असतं.

पाळी संपल्यावर पुढचा भाग सुरू होतो. परगावाहून आलेले कामगार एक खोली वाटून घेतात. दिवसपाळीवाला निघतो तेव्हा रातपाळीवाला त्याच अंथरुणावर पडतो. खोली चोवीस तास भरलेली. आणि मजुरी कापडाच्या मीटरवर असल्यानं अंगात ताप असला तरी घरी राहणं परवडत नाही.

माझ्या मते खरी दुखती जागा इथेच आहे. आजारी कामगाराला चार दिवस घरी बसून अर्धी का होईना मजुरी मिळाली, तर तो घरी बसेल. नाही मिळाली, तर कितीही फलक लावा, तो पाळीवर येईल. सरसकट बंदीपेक्षा हे कारखानदारालाही स्वस्त पडतं. सोबत जेवणाची सुट्टी शेडबाहेर आणि वेगवेगळ्या वेळी, पाळी बदलताना काही मिनिटं दारं-खिडक्या सताड उघड्या, आणि सूचना देण्यासाठी हाताच्या खुणा ठरवून घेणं, एवढं केलं तरी फरक पडतो.

५. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गर्दी असायची, तिथून काही पसरल्याचं ऐकलं नाही. मग गर्दी वाईट की नाही?

गर्दी कुठली ते पाहा. दूध कट्ट्यावर म्हैस समोर, वर आभाळ, ग्लास रिकामा केला की माणूस वाटेला लागतो. तोंडातून बाहेर पडलेले बारीक थेंब मोकळ्या हवेत चटकन विरून जातात. उघड्यावर संसर्ग होतच नाही असं नाही, पण बंद खोलीच्या मानानं तो बराच कमी होतो. त्याउलट एसी लावून दारं बंद केलेल्या मंगल कार्यालयातली दीडशे माणसं, तीन तास, जेवताना मास्क खाली, वर लाऊडस्पीकरमुळे मोठ्यानं बोलणं. संख्या कमी असूनही धोका मोठा.

२०२० मध्ये बऱ्याच ठिकाणी उलटं झालं. बागा आणि तलावांचे काठ बंद, आणि लोक घरात एकमेकांच्या तोंडासमोर. हवेतून पसरणाऱ्या रोगात रंकाळ्याचा काठ मोकळा ठेवण्यात शहाणपण आहे.

६. एक लग्न किंवा एक मॅच अख्खं शहर बिघडवू शकते?

हो. कोरोनाचे बहुतेक रुग्ण फारसा कुणाला संसर्ग देत नाहीत. साधारण १० ते २० टक्के रुग्णांपासून ८० टक्के पुढचे संसर्ग होतात असा अंदाज आहे. ठिणगी उसाच्या ओल्या फडात पडली तर विझते, वाळलेल्या पाचटात पडली तर फड जातो. ठिणगी तीच असते. म्हणून सारख्या दिसणाऱ्या दोन शहरांची वाट पहिल्या काही आठवड्यांत अगदी वेगळी होऊ शकते, आणि त्यात नशिबाचा वाटा असतो हे मान्य करायला हवं.

१९ फेब्रुवारी २०२० ला इटलीतल्या बेर्गामोच्या अटलांटा संघाची फुटबॉल मॅच मिलानमध्ये झाली. बेर्गामोहून हजारो लोक बस आणि रेल्वेनं गेले, ओरडले, मिठ्या मारल्या. तेव्हा विषाणू त्या भागात आधीच गुपचूप फिरत होता. पुढच्या महिन्यात बेर्गामोच्या शवपेट्या लष्करी ट्रकांतून दुसऱ्या शहरांत न्याव्या लागल्या. एकट्या मॅचनं हे घडवलं असं म्हणता येत नाही, पण आगीला वारा मिळाला.

जोतिबाची चैत्र यात्रा २०२० आणि २०२१ मध्ये भाविकांविना झाली तेव्हा अनेकांच्या मनाला लागलं. डोंगरावरची गुलालाची गर्दी उघड्यावरची असते, पण यात्रेकरू येतात भरलेल्या एसट्यांतून आणि मुक्काम करतात खोल्यांतून. निर्णय योग्य होता.

७. २०२० मध्ये कोरोना आपल्याकडे उशिरा वाढला आणि २०२१ मध्ये उशिरा गेला. आपलंच असं का झालं?

मुंबईत विमानानं थेट परदेशातून विषाणू आला. कोल्हापूरला पहिले रुग्ण मार्च २०२० च्या अखेरीस सापडले, पण खरा जोर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दिसला. मधल्या काळात मुंबई-पुण्याहून माणसं गावी परतत होती, आणि साथ महामार्ग आणि एसटी स्टँडच्या वाटेनं आत शिरत होती. बाहेरच्या जगाशी शहराचा दुवा जितका लांबचा, तितका तिथे विषाणू उशिरा पोचतो. उशीर म्हणजे सुटका नव्हे, पण त्या उशिरात डॉक्टर उपचार शिकतात, म्हणून तो मोलाचा असतो.

२०२१ मध्ये मुंबई-पुण्याची लाट ओसरली तरी जून-जुलैपर्यंत कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात रुग्ण निघतच राहिले. याची कारणं एकात एक गुंतलेली आहेत. पहिल्या लाटेत महानगरांच्या मानानं इथे संसर्ग कमी जणांपर्यंत पोचला असेल, तर डेल्टासाठी, म्हणजे विषाणूच्या जास्त वेगानं पसरणाऱ्या नव्या प्रकारासाठी, मोकळं रान जास्त उरलं. शिवाय आपली वस्ती एका शहरात कोंडलेली नाही. करवीर, हातकणंगले, शिरोळ, कागल इथली गावं एकमेकांना चिकटलेली. माणूस राहतो खेड्यात, काम करतो शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, बाजार करतो लक्ष्मीपुरीत. त्यामुळे एक उंच लाट येऊन ओसरण्याऐवजी एका गावातून दुसऱ्या गावात सरकत जाणारी लांबट लाट तयार होते. आणि घरात एकजण बाधित झाला की त्याला घरातच ठेवण्याचा कल होता. दोन खोल्यांच्या घरात त्याचा अर्थ अख्खं घर बाधित.

८. लसीकरणात जिल्हा पुढे होता. तरी रुग्ण वाढले, म्हणजे लस कुचकामी?

नाही. त्या वेळी बहुतेकांचा एकच डोस झाला होता. मे २०२१ पासून कोविशील्डच्या दोन डोसांतलं अंतर १२ ते १६ आठवडे झालं होतं. डेल्टाची लक्षणं असलेला आजार टाळण्यात एका डोसाचा उपयोग सुमारे एक-तृतीयांशच होता. दोन डोसांनंतर तो साधारण दोन-तृतीयांशांपर्यंत जातो, आणि रुग्णालयात जाण्यापासूनचं संरक्षण त्याहून बरंच वरचं. लस पुढे होती आणि डेल्टाही पुढे होता. ज्या वयाला आधी लस मिळाली त्या वयात मृत्यूंची टक्केवारी किती उतरली हे पाहायचं असतं. एकूण रुग्णसंख्येवरून लस जोखणं चूक.

९. लवकर बंद केल्यानं खरंच फरक पडतो, की साथ यायची ती येतेच?

१९१८ च्या फ्लूतली अमेरिकेतली दोन शहरं पाहा. फिलाडेल्फियात १७ सप्टेंबरला पहिले रुग्ण नोंदले गेले. तरी २८ सप्टेंबरला युद्धकर्जासाठी मोठी मिरवणूक निघाली, सुमारे दोन लाख लोक रस्त्यावर. शाळा, चर्च, नाट्यगृहं बंद झाली ३ ऑक्टोबरला. सेंट लुईमध्ये ५ ऑक्टोबरला नागरिकांत पहिले रुग्ण आढळले आणि ७ तारखेला बंदी. सर्वांत वाईट आठवड्यात फिलाडेल्फियात लाखामागे २५७ जादा मृत्यू झाले, सेंट लुईमध्ये ३१.

दोन आठवड्यांना एवढं महत्त्व का? रुग्ण दर तीन दिवसांनी दुप्पट होत असतील तर चौदा दिवसांत एकाचे पंचवीस होतात. 'अजून दहाच रुग्ण आहेत, पाहू या' म्हणणारा अधिकारी दोन आठवड्यांनी अडीचशेच्या समोर उभा असतो, खाटा मात्र तितक्याच.

पण सेंट लुईचा उरलेला भाग फारसा सांगितला जात नाही. त्यांनी बंधनं लवकर उठवली आणि पुढे दुसरा उंचवटा आला. लवकर बंद करण्यानं वेळ मिळतो. त्या वेळात खाटा, ऑक्सिजन, लस यांची तयारी झाली नाही तर तो वाया जातो, आणि हातावर पोट असलेल्याची उपासमार फुकट जाते.

१०. मग आमच्यासारखं छोटं शहर बरं, नाही का?

साथ पोचायला उशीर होतो, एवढ्यापुरतं बरं. अमेरिकेतल्या सहाशेहून अधिक शहरांच्या फ्लूच्या नोंदी तपासून २०१८ मध्ये संशोधकांनी दाखवलं की मोठ्या शहरांत फ्लूचा हंगाम पसरट आणि लांब असतो, तर छोट्या शहरांत तो हवामान अनुकूल झालं की एकदम उसळतो. छोट्या शहराची अडचण ही उसळी आहे. वर्षभरात तेवढेच रुग्ण, पण तीन आठवड्यांत. व्हेंटिलेटर चालवता येणारे तज्ज्ञ मोजके, आणि त्यातले दोघे स्वतः आजारी पडले की पाळी भरायला कुणी नाही.

११. कोल्हापुरात मृत्यूचं प्रमाण जास्त दिसायचं. उपचार वाईट होते का?

हा प्रश्न डॉक्टर-नर्सना फार दुखावून जातो, आणि आकडे नीट न वाचल्यामुळे तो पुन:पुन्हा विचारला जातो.

सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय, हे फक्त शहराचं रुग्णालय नाही. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, सांगली, सीमेपलीकडचं निपाणी-चिकोडी, सगळीकडून अत्यवस्थ माणूस तिथे येतो. अनेकदा गावातल्या डॉक्टरकडे चार दिवस काढून, ऑक्सिजन ऐंशीच्या खाली गेल्यावर. अशा रुग्णालयात मृत्यू जास्त होणारच. तिथल्या आकड्याची तुलना सौम्य रुग्ण ठेवणाऱ्या केंद्राशी करणं अन्यायाचं आहे.

दुसरं कारण वय. मुलंबाळं पुण्या-मुंबईला, आई-वडील गावी, हे चित्र पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात जुनं आहे, त्यामुळे साठीपुढच्यांचं प्रमाण इथे राज्याच्या सरासरीहून जास्त. श्रीमंत देशांतल्या अभ्यासांत लसीआधी संसर्ग झालेल्या हजार जणांमागे मृत्यू वयाच्या ५५ व्या वर्षी ४, ६५ व्या वर्षी १४ आणि ७५ व्या वर्षी ४६ च्या आसपास निघाले. वय वीस वर्षांनी वाढलं की धोका दहा-बारा पट. दोन शहरांचं सरासरी वय वेगळं असेल, तर तितकेच चांगले उपचार करूनही मृत्युदर वेगळा येतो.

तिसरं, भागाकार. चाचण्या कमी झाल्या तर फक्त गंभीर रुग्णच नोंदले जातात. छेद, म्हणजे नोंदलेल्या रुग्णांचा आकडा, लहान झाला की मृत्यूंचा टक्का फुगतो.

उपचारांत उणीव नव्हतीच असं मी म्हणत नाही. पण ती शोधायची असेल तर दाखल होताना ऑक्सिजन किती होता आणि दाखल व्हायला किती तास लागले, या नोंदी तपासाव्या लागतात.

१२. साथ चालू असतानाच महापूर आला तर?

आपल्यावर ती वेळ येऊन गेली आहे. जुलै २०२१ मध्ये दुसरी लाट ओसरलेली नव्हती, आणि पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी केव्हाच मागे टाकली. प्रयाग चिखली, आंबेवाडीसारख्या गावांतून लोकांना हलवावं लागलं. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं. महामार्ग तुटतो तेव्हा ऑक्सिजनचा टँकरही अडतो.

पूर आणि साथ एकत्र आल्या की नियम एकमेकांवर आदळतात. पूर म्हणतो सगळ्यांना एका हॉलमध्ये आणा. साथ म्हणते एका हॉलमध्ये आणू नका. जीव वाचवणं आधी, यात वाद नाही. पण निवारा आधीच ठरवलेला असेल तर कुटुंबाला वर्गखोली, खोकला-तापवाल्यांना वेगळा मजला, खिडक्या उघड्या, एवढं जमतं. पाणी ओसरल्यावर लेप्टो (उंदरांच्या मुतानं दूषित पाण्यातून येणारा ताप) आणि पोटाच्या विकारांची वेगळी फेरी येते, तिला हे नियम लागू नाहीत (प्रश्न १४).

१३. आमचे वडीलधारे सांगत, प्लेगात गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहत. कोरोनात तसंच का नाही केलं?

कारण प्लेग वेगळ्या वाटेनं पसरतो. गाठीचा प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून माणसाला येतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी तो ओळखला तो मांडवी भागात, बंदराशेजारच्या धान्याच्या गोदामांजवळ. धान्य तिथे उंदीर, उंदीर तिथे पिसवा. घर सोडून माळावर गेलं की माणूस पिसवांपासून तुटतो. म्हणूनच करवीर संस्थानात शाहू महाराजांच्या काळात वस्ती रिकामी करून लोकांना बाहेर हलवण्याचा उपाय योजला गेला. तो रोगाच्या स्वभावाला धरून होता.

कोरोनात वाहक माणूसच. शहर सोडून गावी जाणारा रोगही सोबत नेतो. आणि खरं तर प्लेगातही घाबरून मुंबई सोडणाऱ्यांसोबत, त्यांच्या सामानातून, रोग रेल्वेनं पुढे गेला. पुण्यात त्याच साथीत रुग्णसेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. त्याच वर्षी इंग्रज प्लेग अधिकारी रँडच्या तपासणी पथकांनी घरांत घुसून जो जाच केला, त्यानं लोक रुग्ण लपवू लागले. लोकांचा विश्वास उडाला की साथ लपते, आणि लपलेली साथ जास्त पसरते. हा नियम प्लेगाला आणि कोरोनाला सारखाच लागू आहे.

१४. पाण्यातून पसरणाऱ्या साथीतही खोलीतली दाटीच महत्त्वाची का?

नाही, तिथे नळ महत्त्वाचा. १८९२ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गला पटकीनं (कॉलरानं) ग्रासलं, आठ हजारांवर माणसं गेली. खेटून असलेल्या आल्टोना शहरात त्या मानानं फारच थोडी. दोन्ही शहरं एल्बे नदीचंच पाणी पीत. हॅम्बुर्ग न गाळता, आल्टोना वाळूच्या गाळण्यातून. सीमेवरच्या रस्त्याच्या एका बाजूला पटकी आणि दुसऱ्या बाजूला नाही, असं चित्र होतं.

आपल्याकडे २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली ती दूषित पाण्यातून. अशा वेळी मास्क आणि अंतर यांचा उपयोग नाही. जलवाहिनीची गळती, क्लोरिन आणि पंचगंगेत मिसळणारं सांडपाणी हेच पाहावं लागतं. बंगल्यात राहणारा आणि चाळीत राहणारा एकाच वाहिनीवर असतील तर दोघेही आजारी पडतात.

१५. एकदा जबरदस्त लाट येऊन गेली की ते शहर सुरक्षित, बरोबर?

ब्राझीलमधल्या मानाऊसचे लोक असंच समजत होते. ऑक्टोबर २०२० पर्यंत तिथल्या तीन-चतुर्थांश लोकांना संसर्ग झाल्याचा अंदाज होता. जानेवारी २०२१ मध्ये गॅमा नावाचा नवा प्रकार आला आणि रुग्णालयांतला ऑक्सिजन संपला. प्रतिकारशक्ती हळूहळू उतरते, आणि विषाणू बदलतो. जुन्या लाटेचा फायदा होतो, पण तो कायमचा नसतो. शिवाय सर्वेक्षणातला अंदाज जास्त निघालेला असू शकतो. अशा अंदाजावर विसंबून खाटा बंद करू नयेत.

१६. दोन शहरांची तुलना करायचीच असेल तर कुठला आकडा धरावा?

जादा मृत्यू. म्हणजे त्या महिन्यांत नेहमी जितके मृत्यू होतात त्याहून जास्त किती झाले. यात चाचणी झाली की नाही, दाखल्यावर काय लिहिलं, हे प्रश्नच येत नाहीत. त्यासाठी महापालिकेची जन्म-मृत्यू नोंद नेटकी असावी लागते. आकडा लाखामागे काढावा, वयाची दुरुस्ती करावी, आणि मृत्यू राहत्या गावाच्या खात्यावर धरावा (कारण प्रश्न ११ मध्ये). नुसते 'आज इतके रुग्ण' हे आकडे धरून दोन शहरांची तुलना करू नका. ज्यानं जास्त शोधलं तो बदनाम होतो, आणि पुढच्या वेळी तो शोधत नाही.

१७. पुढच्या साथीआधी आमच्या तालमीनं किंवा मंडळानं काय करून ठेवावं?

गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी, त्यांच्या औषधांसह, दर सहा महिन्यांनी ताजी. कुठल्या घरात किती खोल्या आणि किती माणसं, याचा अंदाज, म्हणजे विलगीकरण कुठे घरी जमेल आणि कुठे नाही हे आधीच कळेल. तालमीचा हॉल किंवा शाळेच्या खोल्या वापरायच्या तर खिडक्या उघडतात का, पंखे बाहेर हवा फेकतात का, संडास किती आहेत. तीन-चार पल्स ऑक्सिमीटर आणि ते वापरता येणारी मुलं-मुली. आशा सेविकेचा नंबर भिंतीवर.

आणि एक निधी. रोजंदारीवरचा माणूस पाच दिवस घरी बसला तर त्याच्या घरी शिधा पोचेल इतका. गणपतीच्या वर्गणीतून त्याचा भाग बाजूला काढणं अवघड नाही, आणि प्रश्न ४ मधल्या कामगारासाठी तो लसीइतकाच कामाचा आहे.